मुदत ठरविण्यापूर्वी

सांताक्रूझपाशी पश्चिम द्रुतगती महामार्गाकडून निघून चेंबूरला पूर्व द्रुतगती महामार्गास मिळणारा जोडरस्ता लांबीने जेमतेम साडेसहा किलोमीटरांचा आहे. परंतु २००३ च्या सुमारास हाती घेतलेले हे काम पुरे होऊन तो रहदारीस खुला व्हावयास २०१४ चा एप्रिल उजाडावा लागला, आणि दरम्यान जाहीर झालेल्या मुदती इतक्यांदा टळल्या की उपनगरवासीयांनी पुढे पुढे त्यांची दखल घेणेही सोडून दिले. कचेरीने ज्याच्या गळ्यात नुकताच एखादा प्रकल्प घातला असेल, त्याने व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तके चाळण्यापूर्वी या रस्त्याची हकीकत समजून घ्यावी.

बांधकामाची विद्या येथे तोकडी पडली, असे म्हणवत नाही; याच मार्गावर दुमजली उड्डाणपूल उभा आहे. काम रखडले ते मुख्यत्वे बांधणाऱ्यांच्या अखत्यारीबाहेरील गोष्टींपाशी. वाटेत कुर्ल्याची दाट वस्ती, आणि जागेचा ताबा मिळाल्यावाचून खांब रोवणार कोठे? विस्थापितांना २२५ चौरस फुटांचे गाळे देऊ केले होते. ज्याचे बिऱ्हाड त्याहून लहान खोलीत होते त्याचे एक वेळ निभावले असते, पण रहदारीच्या रस्त्यालगत याहून कितीतरी ऐसपैस जागेत वर्षानुवर्षे धंदा केलेल्या दुकानदाराने मानखुर्दला जाऊन कोणते गिऱ्हाईक शोधावे, याचे उत्तर कोणत्याही नकाशात नव्हते. बाधितांनी २००४ पासून जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी गुदरल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन यांसाठीचा कर्जपुरवठा काही महिने रोखून धरला. शिवाय पूल रेल्वेच्या रुळांवरून न्यावयाचा, म्हणजे रेल्वेची मंजुरी आली, आणि गाड्या थांबवून मिळणाऱ्या ब्लॉकच्या मोजक्या तासांत तुळया चढविणे आले.

म्हणून नवख्या व्यवस्थापकाने आपण काय काय करणार याची यादी तूर्त बाजूस ठेवून, दुसऱ्या कोणी काय दिल्यावाचून आपले काम हलणार नाही याचे टिपण आधी काढावे : कोणाची परवानगी, कोणाचा ताबा, कोणाची रक्कम, कोणाची सही. प्रत्येक नोंदीपुढे जबाबदार माणसाचे नाव लिहावे. खात्याला तगादा लावता येत नाही. ज्यांची गैरसोय होणार त्यांना कंत्राट देण्यापूर्वीच भेटावे. काम वाकोल्यातील एखाद्या सोसायटीत लिफ्ट बसविण्याचे असले, तरी तळमजल्यावरचा सभासद वर्गणी का द्यावी म्हणून विचारणारच, आणि त्याचा प्रश्न गैरवाजवी नसतो. बैठकीत ठरलेले त्याच दिवशी लिहून सर्वांस धाडावे, हे सांगावयास नको. तरी ते कोणी करीत नाही, म्हणून सांगितले.

मुदतीचा प्रश्न मात्र खरा कसोटीचा आहे. वरिष्ठांना तारीख हवी असते, आणि नवखा मनुष्य भिडेपोटी ती देऊन बसतो. त्याऐवजी ‘ताबा मिळाल्यापासून अमुक महिने’ अशी अटीसह मुदत द्यावी, ती लेखी द्यावी, आणि ताबा लांबेल तसा तिचा फेरहिशेब दरमहा वरिष्ठांच्या टेबलावर आपण होऊन ठेवावा. असा कागद वाचून कपाळाला आठ्या घालणारे साहेब पुष्कळ भेटतील. पण पुढे रक्कम वाढवून मागण्याची वेळ येते, तेव्हा तेच साहेब दप्तरातून नेमका तोच कागद काढावयास सांगतात.