अर्सुला ली ग्विन वाचायला घ्या!

विज्ञान कादंबरी म्हणजे रॉकेट आणि लेझर, असं वाटत असेल तर 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) वाचाच. गेथेन नावाचा गोठलेला ग्रह. तिथली माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात. महिन्यातले काही दिवसच त्यांना लिंग येतं, तेही दर वेळी सारखंच असेल असं नाही. त्यामुळे एकाच व्यक्तीने एका मुलाला जन्म दिलेला असतो आणि दुसऱ्याचा ती बाप असते! लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर नामवंत मानववंशशास्त्रज्ञ होते. तो वारसा गेथेनच्या दंतकथांत आणि रीतिरिवाजांत पानोपानी दिसतो. सुरुवातीची प्रकरणं अनोळखी नावांनी जड जातात, पण नेटाने पुढे जा. परग्रहावरून आलेला दूत जेन्ली आय आणि गेथेनवासी एस्ट्राव्हेन यांचा बर्फावरचा प्रवास हा माझ्या मते या साहित्यप्रकारातला सर्वोत्तम भाग आहे. दोघं एका तंबूत, अन्न मोजून खातात आणि हळूहळू एकमेकांवर विश्वास टाकतात. कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

फँटसी हवी असेल तर 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) घ्या. जादूगारांची शाळा इथे हॅरी पॉटरच्या कितीतरी आधी आहे, आणि नायक गेड सावळ्या, तांबूस वर्णाचा आहे. पुस्तक लहान आहे. तुमच्या घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला नक्की द्या.