खेळ, पडदा आणि पैसा (लेखांक ४) : न बघणाऱ्यांच्या जिवावर

मागच्या लेखात आपण हीरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या वादापासून सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी १९९५ च्या निकालापर्यंत आलो. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि खासगी क्रीडावाहिन्यांना आपल्याकडे रान मोकळं झालं. त्या वाहिन्यांना आज उतरती कळा का लागली, हे नीट कळायचं तर एका सौद्यापासून सुरुवात करावी लागते. त्या सौद्याचं एक टोक मुंबईत होतं, दुसरं अमेरिकेतल्या शहराशहरांत.

मार्च २०१९ मध्ये डिस्नेने रूपर्ट मरडॉक यांच्या ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा मोठा भाग सुमारे ७,१०० कोटी डॉलरना विकत घेतला. आपली स्टार इंडिया, म्हणजे स्टार स्पोर्ट्स आणि हॉटस्टार, याच व्यवहारात डिस्नेच्या हाती गेली. पण अमेरिकेत ईएसपीएन आधीपासूनच डिस्नेची. त्यामुळे तिथल्या न्याय खात्याने अट घातली की फॉक्सच्या २२ प्रादेशिक क्रीडावाहिन्या तुम्हाला ठेवता येणार नाहीत. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचे सामने दाखवणारी वाहिनी वेगळी विकली गेली. उरलेल्या २१ सिंक्लेअर या कंपनीने ९६० कोटी डॉलर मोजून घेतल्या, बहुतांश कर्ज काढून.

एवढी किंमत का मोजली? अमेरिकेत बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी यांचे बरेचसे सामने त्या त्या भागातली वाहिनी दाखवते. आणि या वाहिन्यांची खरी कमाई जाहिरातीची नव्हतीच. केबलच्या मासिक बिलात प्रत्येक वाहिनीचा ठरलेला वाटा असतो आणि तो घरटी वसूल होतो. घरात बेसबॉल बघणारं कोणी असो वा नसो, प्रादेशिक क्रीडावाहिनीचे काही डॉलर त्या घरातून जाणारच. एकट्या ईएसपीएनचा वाटा महिन्याला नऊ डॉलरच्या वर गेल्याचा अंदाज आहे. फक्त स्वयंपाकाचे कार्यक्रम बघणाऱ्या आजीबाईही वर्षानुवर्षं पिचरच्या पगाराला हातभार लावत होत्या आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

हा पैसा इतका खात्रीचा वाटत होता की त्यावर वीस-पंचवीस वर्षांचे करार झाले. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाने २०१३ मध्ये टाइम वॉर्नर केबलबरोबर २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा करार केला. त्यासाठीची वाहिनी सुरू झाली २०१४ मध्ये. इतर केबल आणि डिश कंपन्यांना तिचा दर परवडेना, त्यांनी ती घेतली नाही. परिणाम असा की त्या भागातल्या बहुसंख्य घरांत आपल्याच शहराचा संघ दिसेनासा झाला. विन स्कली हे तब्बल ६७ हंगाम डॉजर्सचं समालोचन करणारे गृहस्थ. २०१६ मध्ये ते निवृत्त झाले. ज्यांच्या आवाजावर त्या शहरातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्यांची अखेरची तीन वर्षं बहुतेक शहराला घरी बसून टीव्हीवर बघता आली नाहीत. अगदी शेवटचे काही सामने तेवढे फुकट वाहिनीवर दाखवले गेले. डायरेक्टीव्ही या डिश कंपनीशी समझोता व्हायला २०२० उजाडलं. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. चाहता पैसे द्यायला तयार होता, तरी त्याला सामना मिळत नव्हता.

आयोवा राज्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तिथे मेजर लीग बेसबॉलचा एकही संघ नाही. पण आसपासच्या शहरांतल्या सहा संघांनी तो ‘आपला’ भाग ठरवून घेतला. लीगच्या इंटरनेट सेवेवर स्थानिक संघांचे सामने बंद ठेवायचा नियम होता, कारण ते हक्क प्रादेशिक वाहिनीचे. म्हणून आयोवातल्या माणसाने त्या सेवेचे पैसे भरले तरी सहाही संघ त्याच्यापुरते बंद असत.

दरम्यान लोक केबल तोडत होते. नेटफ्लिक्स आलं, यूट्यूब होतंच. खेळ न बघणाऱ्यांना केबलची गरज उरली नाही आणि आधी तेच गेले. ईएसपीएन २०११ च्या सुमारास जवळजवळ दहा कोटी घरांत होती. त्यातली एक तृतीयांश घरं आता गेली आहेत. प्रत्येक गेलेल्या घराबरोबर हुकमी रक्कम गेली, पण संघांना द्यायचे आकडे करारात आधीच लिहिलेले होते आणि ते दरवर्षी वाढत होते. या वाहिन्या चालवणारी सिंक्लेअरची उपकंपनी डायमंड स्पोर्ट्स आठशे कोटी डॉलरहून जास्त कर्जाखाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने सुमारे १४ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला आणि मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

सॅन दिएगोचा पाद्रेस हा बेसबॉल संघ डायमंडच्या करारातून सर्वांत आधी सुटला. ३० मे २०२३ ला मायामीतला सामना जुन्या वाहिनीने दाखवला. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावरचा सामना लीगने स्वतः दाखवला. समालोचक तेच, फक्त मालक बदललेला. आता शहरातला चाहता महिन्याला २० डॉलर भरून इंटरनेटवर आपला संघ पाहू शकत होता, ‘स्थानिक’ म्हणून त्याला कोणी अडवत नव्हतं. लीगच्या सांगण्यानुसार, सामना पोहोचू शकेल अशी घरं सुमारे ११ लाखांवरून ३० लाखांच्या वर गेली. प्रेक्षकाचा फायदाच झाला. संघाचा मात्र नाही. बुडालेल्या रकमेच्या ८० टक्के भरपाईची लीगची हमी त्या एकाच हंगामापुरती होती आणि पुढच्या वर्षी पाद्रेसने खेळाडूंवरचा खर्च बराच कमी केला. फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघाने वेगळी वाट धरली. सामने साध्या, फुकट वाहिनीवर आणले आणि ज्यांच्याकडे अँटेना नव्हता त्यांना तोही फुकट वाटला. तिकीट, टी-शर्ट, मैदानावरची गर्दी यातून पैसा उभा राहील, असा त्यांचा हिशेब होता. मला हा हिशेब शहाणपणाचा वाटतो. दहा वर्षांच्या मुलाला जो संघ दिसतच नाही, त्याचा तो चाहता होणार कसा?

आता सौद्याचं मुंबईतलं टोक. भारतात केबल कोणी फारशी तोडली नव्हती. २०१९ मध्ये ट्राय या नियामक संस्थेच्या नव्या दरपद्धतीने वाहिन्या निवडून घ्यायची सोय झाली, तेव्हा स्टार स्पोर्ट्स १ चा दर १९ रुपये होता. एवढ्यासाठी कोण डिश काढेल? आपल्याकडचा धक्का लिलावातून बसला. जून २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. दूरचित्रवाणीचे २३,५७५ कोटी डिस्ने-स्टारने दिले. भारतातले इंटरनेटचे हक्क दोन गटांत मिळून २३,७५८ कोटींना रिलायन्सच्या व्हायकॉम१८ कडे गेले. पडद्यावरच्या हक्कांना फोनवरच्या हक्कांनी पहिल्यांदाच मागे टाकलं. आणि व्हायकॉमने २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर चक्क फुकट दाखवला, मराठी समालोचनासकट. क्रिकेटपटू केदार जाधव तेव्हा त्या मराठी चमूत होता. हंगाम चालू असताना बंगळुरूने त्याला संघात घेतलं आणि तो माइक ठेवून खेळायला गेला.

तिकडे हॉटस्टारचे पैसे भरणारे ग्राहक नऊ-दहा महिन्यांत सहा कोटींवरून चार कोटींवर आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातला व्यवसाय रिलायन्सच्या व्यवसायात विलीन झाला आणि डिस्नेकडे ३६.८४ टक्के हिस्सा उरला. फेब्रुवारी २०२५ पासून जिओसिनेमा आणि हॉटस्टार या दोन्ही सेवांची मिळून जिओहॉटस्टार झाली आणि फुकटाचा काळ आवरता घेण्यात आला.

पण आपला प्रेक्षक टीव्ही सोडून गेला, असं मात्र समजू नका. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. त्याच सामन्याला टीव्हीसमोर एका वेळी बसलेल्यांचा आकडा याच्या दुपटीहून मोठा होता. घरातला मोठा पडदा टिकून आहे. संपत आली आहे ती वाहिन्या-वाहिन्यांमधली चुरस, आणि लिलावात दुसरा तगडा बोलीदार नसेल तर क्रिकेटखेरीज इतर खेळांकडे पैसा वळण्याची शक्यता आणखी कमी होते. कबड्डी, हॉकी, कुस्ती यांच्या आयोजकांनी याची धास्ती आत्ताच घ्यायला हवी.

आपल्या प्रेक्षकाच्या हातात एक गोष्ट आहे, जी आयोवातल्या माणसाकडे नाही. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं. म्हणून भारताचे बरेचसे आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामने डीडी फ्री डिशवर महिन्याचं भाडं न भरता दिसतात. पण तो कायदा दूरदर्शनच्या जमिनीवरच्या जाळ्यापुरता आणि डिशपुरता आहे. फोनवरच्या पडद्याबद्दल त्यात काही नाही. तो तिथवर नेला पाहिजे, आणि ही मागणी प्रेक्षकांनीच लावून धरायला हवी. या कायद्याचा आवाका किती, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला कुठे मर्यादा घातली, ते पुढच्या लेखात.