संघाचे दुकान आणि चुकलेले गिऱ्हाईक

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण सहकारी संघांचे सभासद असून कित्येकांवर संघाच्या दुकानाची देखरेख करण्याची जबाबदारी असते. खत-बियाण्याच्या दुकानात बसणाऱ्या मनुष्याच्या जिभेवर संघाची पत अवलंबून असते. सबब गैरसमजाने अथवा रागाने आलेल्या गिऱ्हाइकाशी कसे वागावे, ह्याचा थोडा विचार येथे करू.

नेहमीचे उदाहरण युरियाचे. पूर्वी त्याची गोणी ५० किलोची असे. सन २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. जुने माप मनात धरून बसलेला शेतकरी गोणी काट्यावर चढविताच ‘पाच किलो कोठे गेले?’ असे विचारतो. त्यास ‘तुम्हांला काही ठाऊक नाही’ असे म्हणणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. गोणीवरील छापील वजन त्यास दाखवावे व त्याच्याच समक्ष गोणी तोलावी. युरियात नत्र शेकडा ४६ असते. म्हणून दोन गोण्यांतून पूर्वी ४६ किलो नत्र मिळे, ते आता ४१ किलोच्या आसपास मिळते, हेही सांगावे. मग भांडावयास आलेला मनुष्य खताचा हिशेब शिकून घरी जातो.

बियाणे उगवले नाही ही तक्रार याहून नाजूक आहे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण शेकडा निदान ७० असावी लागते. पण त्याचे टरफल नाजूक असते. गोणी आदळली, बी खोल पडले किंवा ओल अपुरी असली तरी उगवण बिघडते. तसेच बियाणेच वाईट असण्याचाही संभव असतो. म्हणून दुकानात बसून निकाल देऊ नये. पेरणीची तारीख, पाऊस व खोली विचारावी. उरलेल्या बियाण्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावे. त्याच लॉटचे बियाणे नेलेल्या इतरांकडे चौकशी करावी. दोष बियाण्यात दिसल्यास त्या लॉटची विक्री तत्काळ थांबवावी आणि पावती, पिशवी व लेबल जपून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करण्यास शेतकऱ्यास साह्य करावे. येथे टाळाटाळ झाली तर दुबार पेरणीची वेळ निघून जाते व साऱ्या हंगामाचे नुकसान होते.

कित्येकजण पावती नको म्हणतात; तरी ती द्यावीच, कारण पुढे तिच्यावाचून त्यांची बाजू लंगडी पडते. कोणी औषधाची दुप्पट मात्रा सांगा असा हट्ट धरतो. तेथे गिऱ्हाईक गेले तरी चालेल, पण लेबलाबाहेरचा सल्ला देऊ नये. चारचौघांत ओरडणाऱ्यास आधी बसवावे, पाणी द्यावे आणि त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

मात्र प्रत्येक रागावलेले गिऱ्हाईक चुकलेलेच असते असे नाही. युरियाबरोबर नको असलेला माल गळ्यात मारला, तर त्याचा संताप न्याय्यच होय. अशा वेळी समजूत घालण्याऐवजी दुकानाने आपली रीत सुधारावी, हेच संघाच्या हिताचे आहे.