वाटणीपूर्वीची रुजुवात

कांद्याच्या बुडाशी वाळक्या मुळांचा जो झुपका असतो तो खरवडून टाकून, काठोकाठ भरलेल्या पेल्याच्या तोंडावर तो कांदा, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा, बसवून ठेवला, तर दोन-तीन दिवसांत त्याला दोऱ्यासारखी पांढरीशुभ्र मुळे फुटतात. महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक ज्यांनी केले असेल त्यांना पुढची कृती आठवेल : मुळाचे अगदी शेवटचे टोक कापून घ्यावे, सौम्य आम्लात किंचित ऊन करून मऊ करावे, रंगात भिजवावे आणि काचपट्टीवर ठेवून, वर पातळ काच घालून, टिपकागदाच्या घडीवरून अंगठ्याने सरळ दाबावे, अंगठा जरा तिरका पडला की पेशी चुरगळतात आणि सारे पुन्हा आरंभापासून करावे लागते. दाब नेमका पडला म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली विटेला वीट लागावी तशा पेशी दिसतात. बहुतेकींच्या पोटात एक गोल केंद्रक स्वस्थ पडलेले असते. परंतु अधूनमधून एखादीत तो गोल नाहीसा होऊन त्याच्या जागी गडद दोऱ्यांचा गुंता दिसतो, आणि कांद्याचे मूळ वाढते ते या गुंत्यातून.

नव्या पेशी येतात कोठून, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्वानांची समजूत निराळी होती. पाकातून खडीसाखरेचा खडा धरावा तशी पेशी द्रवातून आपोआप साकारते, असे श्लायडन आणि श्वान मानीत. पेशी पेशीपासूनच जन्मते, हे रेमाक आणि फिर्खो यांनी शतकाच्या मध्याला प्रतिपादिले. पण ती कशी जन्मते हे डोळ्यांनी पाहून सांगितले ते जर्मनीतील कील येथे अध्यापन करणाऱ्या वाल्टर फ्लेमिंग याने. सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या डिंभांच्या पेशी मोठ्या असतात, म्हणून त्याने त्या निवडल्या. नव्याने निघालेल्या कृत्रिम रंगांनी त्या रंगविल्या आणि एकेक अवस्था हाताने रेखाटली. 1882 साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने या क्रियेला जे नाव दिले, त्यावरूनच आपल्याकडे तिला सूत्री विभाजन म्हणतात.

फ्लेमिंगच्या साऱ्या निरीक्षणांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, हे धागे, म्हणजे गुणसूत्रे, आडवी तुटत नाहीत, तर उभी चिरतात. धागा आडवा तुटला तर वरचा मजकूर एकीकडे आणि खालचा दुसरीकडे जाईल. उभा विलग झाला तर प्रत्येक हिस्सेदाराला अथपासून इतिपर्यंत संपूर्ण दस्तऐवज मिळतो. हे उभे चिरणे शक्य होते, कारण विभाजनाच्या आधीच, केंद्रक बाहेरून स्वस्थ दिसत असताना, पेशीने साऱ्या दप्तराची नक्कल करून ठेवलेली असते. माणसाच्या एका पेशीतील हे दप्तर, म्हणजे डीएनए, सरळ ताणले तर सुमारे दोन मीटर भरेल. ते 46 गुणसूत्रांत विभागलेले असते. कांद्याची गुणसूत्रे 16.

विभाजन सुरू झाले की गुणसूत्रे आखूड आणि जाड होतात, केंद्रकाचे आवरण विरून जाते आणि सूत गुंडाळलेल्या चातीसारखा, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता असा, सूक्ष्म नळ्यांचा तर्कू उभा राहतो. मूळ प्रत आणि नक्कल अजून एकमेकींना बांधलेल्याच असतात. एकीला एका ध्रुवाकडून तंतू येऊन चिकटतो, दुसरीला समोरच्या ध्रुवाकडून, आणि दोन्हीकडच्या ओढीने सारी गुणसूत्रे मध्यरेषेवर येऊन ठेपतात. यानंतर पेशी थांबते. एखादे गुणसूत्र जरी एकाच बाजूने बांधलेले, किंवा मोकळे, राहिले असेल तर त्याच्यापाशी निघणारा रासायनिक इशारा पुढचे सारे काम रोखून धरतो. तंतू चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. शेवटच्या जोडीवर दुतर्फा ताण आला, रुजुवात पुरी झाली, की सगळ्या जोड्यांची बंधने जवळपास एकाच वेळी तुटतात आणि प्रती आपापल्या ध्रुवाकडे रवाना होतात. हिशेब चुकू नये म्हणून चाललेल्या या धीराच्या खोळंब्यापुढे नंतरचा वेगवान प्रवास मला साधा वाटतो.

उरलेले काम थोडक्यात आटोपते : दोन केंद्रके घडतात, वनस्पतीच्या पेशीत मधोमध नवी भिंत उभी राहून कडांकडे वाढते, आणि प्राण्याची पेशी कमरेपाशी आवळत जाऊन दुभंगते.

तर्कू मोडला तर ती रुजुवात पुरी होत नाही, आणि मनुष्याने या गोष्टीचा उपयोग करून घेतला आहे. सह्याद्रीच्या रानांत पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी जे विष बाळगते, ते कोल्चिसीन या नळ्या जुळूच देत नाही. तेच द्रव्य वापरून, पेशी ऐन विभाजनात थोपवून, त्यो आणि लेव्हान यांनी 1956 साली माणसाची गुणसूत्रे नीट मोजली, आणि तोवर 48 समजली जाणारी संख्या 46 ठरली. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टीनही तर्कूवरच घाला घालते, म्हणून बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते दिले जाते. औषधाला रोगट पेशी आणि निरोगी पेशी यांतला भेद कळत नाही. केसांच्या मुळाशी पेशींचे विभाजन अहोरात्र चालू असते, ते मंदावते आणि पोराचे केस गळू लागतात. उपचाराची मुदत संपल्यावर काही आठवड्यांनी त्याच्या डोक्यावर हात फिरविला की मऊ, बारीक लव तळव्याला लागते.