वृद्धनिवासांतील प्रत्यक्ष संगीत : मोबदला, निवड आणि श्रवण

प्रास्ताविक :

'नर्सिंग होम' हा शब्द महाराष्ट्रात उच्चारला की प्रसूतिगृह किंवा दहा-वीस खाटांचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना अंथरुणातून उठणे, जेवणे, स्नान करणे यांसाठी दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, अशा वृद्धांच्या दीर्घकालीन निवासाला तेथे नर्सिंग होम म्हणतात. 'सीनियर सेंटर' हे त्याहून वेगळे. आपल्या घरी राहणारे वृद्ध दिवसाचे काही तास तेथे येतात, गप्पागोष्टी करतात आणि परत जातात. १९४३ मध्ये न्यूयॉर्क शहरात सुरू झालेले विल्यम हॉडसन केंद्र हे अशा केंद्रांपैकी पहिले मानले जाते. आपल्याकडील ज्येष्ठ नागरिक संघांची विरंगुळा केंद्रे ही त्याच्या जवळची. या दोन्ही ठिकाणी कलावंत प्रत्यक्ष येऊन गातात-वाजवतात. ही प्रथा कशी उभी राहिली, तिचा खर्च कोण उचलतो आणि ऐकणाऱ्याच्या बाजूने तिच्याकडे कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निधीची जन्मकथा :

वृद्धांसमोर गाणे ही सेवा होय, आणि सेवेचे पैसे घ्यावयाचे नसतात, असा समज सर्वत्र आढळतो. अमेरिकेतील एका जुन्या व्यवस्थेचा इतिहास या समजाला छेद देणारा आहे. म्हणून तो थोड्या विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

१९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटांना साथ करणारे हजारो वादक चित्रपटगृहांतून बाहेर पडले. पाठोपाठ नभोवाणीवर ध्वनिमुद्रिका वाजू लागल्या आणि उपाहारगृहांत नाणे टाकून वाजणारी यंत्रे आली. वादकाने एकदा वाजवलेले गाणे त्याच्याच व्यवसायबंधूची नोकरी घालवू लागले. जेम्स सीझर पेट्रिलो हे १९४० मध्ये अमेरिकन वादकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून सभासदांना ध्वनिमुद्रण करण्यास मनाई केली. ऐन महायुद्धात पुकारलेल्या या संपावर टीकेची झोड उठली. कंपन्यांनी वादकांवाचून, केवळ वृंदगायनाच्या साथीवर गायकांची गाणी मुद्रित करून पाहिली. अखेर १९४३ मध्ये डेक्का आणि १९४४ च्या नोव्हेंबरात आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्या नमल्या. विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांमागे ठरावीक रक्कम बाजूला काढून तीतून बेकार वादकांचे विनामूल्य कार्यक्रम लोकांसाठी करावयाचे, असे ठरले.

गोष्ट येथे संपली नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने मालकांकडून कामगार संघटनेच्या हाती असा पैसा जाण्यास बंदी केली. १९४८ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रण थांबले. वर्षअखेरीस तडजोड झाली आणि संघटना व कंपन्या या दोहोंपासून स्वतंत्र अशा विश्वस्ताकडे निधी सोपविण्यात आला. हाच 'म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड' होय. बागा, शाळा, रुग्णालये आणि वृद्धांचे निवास येथे या निधीतून कार्यक्रम होत आले. श्रोत्यांना प्रवेश विनामूल्य असतो, वादकाला मात्र संघटनेच्या दराने मोबदला मिळतो. पुढे ज्येष्ठांच्या केंद्रांसाठी 'म्युझिशियनफेस्ट' हा स्वतंत्र उपक्रमही या निधीने चालविला. ज्या तबकडीने वादकाला बेकार केले, तिच्याच विक्रीतून वृद्धांपुढे वाजविण्याचे त्याचे वेतन निघाले, ही या व्यवस्थेतील गंमत. अर्थात तबकड्या आणि सीडी यांची विक्री घटत गेली तसा निधीही आटत गेला.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आहे. गायिका मिमी फारिन्या यांनी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात 'ब्रेड अँड रोझेस' ही संस्था काढली. तुरुंग, रुग्णालये, वृद्धनिवास येथे तिचे कलावंत स्वेच्छेने, मोबदल्याविना जातात. ब्रिटनमध्ये यहुदी मेन्युहिन यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये सुरू झालेली 'लाइव्ह म्युझिक नाऊ' मात्र तरुण वादकांना अशा श्रोत्यांपुढे वाजविण्याचे शिक्षण देते आणि मानधनही देते. स्वेच्छासेवेचे मोल कमी नाही. तरीही नियमितपणाचा प्रश्न आला की मोबदल्याची व्यवस्था अधिक भरवशाची ठरते. सणाच्या दिवशी येणारे पुष्कळ असतात. मंगळवारी दुपारी तीन वाजता कोण येणार, हा खरा प्रश्न आहे.

कोणते गाणे :

व्यक्तीला दहा ते तीस या वयातील आठवणी इतर कालखंडांपेक्षा अधिक संख्येने व अधिक ठळकपणे आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना आढळले आहे. गाण्यांच्या बाबतीतही हेच घडते. मग साधे गणित करावे. २०२५ मध्ये ऐंशी वर्षांची असलेली व्यक्ती १९४५ साली जन्मली. तिचे तारुण्य १९६० ते १९७५ या काळातले. म्हणजे अमेरिकेत ते बीटल्सचे दिवस. ग्लेन मिलरचे युद्धकालीन संगीत हे तिच्या आईवडिलांचे. तरीही 'म्हाताऱ्यांचे संगीत' म्हणून चाळीसच्या दशकातील गाणीच समोर ठेवण्याची सवय सुटत नाही. वृद्ध बदलत जातात, त्यांच्याविषयीची कल्पना तेवढी जागच्या जागी राहते.

महाराष्ट्रात या चुकीचे रूप वेगळे आहे. वृद्धाश्रम म्हटले की भजन, हे समीकरण इतके पक्के आहे की त्यावर कोणी विचार करीत नाही. भजन अनेकांना मनापासून हवे असते, यात शंका नाही. परंतु १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले तेव्हा आज ऐंशीच्या घरात असलेली पिढी बालवयात होती, आणि १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीच्या सोबतीनेच ती वाढली. हिंदी चित्रपटगीत ही तिच्या तारुण्याची भाषा आहे. एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला अभंगाऐवजी जुने प्रेमगीत ऐकावेसे वाटले, तर ते सांगण्यासही तो संकोचतो.

अमेरिकेत हा संकोच कागदावर तरी दूर केलेला आहे. नर्सिंग होममधील प्रत्येक रहिवाशाच्या नियतकालिक मूल्यमापनाचा जो शासकीय नमुना २०१० मध्ये अमलात आला, त्यात आपल्या आवडीचे संगीत ऐकणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, असा थेट प्रश्न आहे. 'आवडीचे' या शब्दात बरेच काही आले.

कार्यक्रमाची रीत :

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीतले स्वर जातात. श्रवणयंत्रे प्रामुख्याने बोलणे कळावे यासाठी बेतलेली असतात. त्यांतून संगीत अनेकदा कर्कश किंवा विस्कटलेले ऐकू येते. म्हणून मोठे ध्वनिक्षेपक लावणे हा उपाय नव्हे. वादकाने जवळ बसणे, श्रोत्यांना अर्धवर्तुळात बसविणे, शक्य तेवढे ध्वनिवर्धकाविना गाणे हे अधिक उपयोगी पडते. सोबत गाणे अपेक्षित असेल तर पट्टी उतरवावी आणि लय संथ ठेवावी. गायक हे वाकून, डोळ्यांत पाहून करू शकतो. कोणी मधल्याच ओळीपाशी अडले तर तो थांबतो, ती ओळ पुन्हा घेतो. ध्वनिमुद्रिका कोणासाठी थांबत नाही, आणि प्रत्यक्ष संगीताचे वेगळेपण प्रामुख्याने या थांबण्यात आहे.

परिणामांविषयी बोलताना तारतम्य बाळगावे लागते. प्रशिक्षित उपचारकाने दिलेला संगीतोपचार आणि कलावंताचे सादरीकरण यांत फरक आहे. संस्थांमध्ये राहणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील २२ चाचण्यांचा कोक्रेन आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान पाच सत्रे झाल्यास नैराश्याची लक्षणे आणि एकूण वर्तनसमस्या कमी होत असाव्यात, असे त्यात दिसले. बोधनशक्तीवर मात्र फारसा परिणाम आढळला नाही. गेलेली स्मृती संगीताने परत येते, हा लोकप्रिय दावा म्हणून टाळलेला बरा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत ३१८ रहिवासी सहभागी होते. तेथे रीतसर गट-संगीतोपचारापेक्षा निव्वळ आनंदासाठी केलेले समूहगायन नैराश्यावर अधिक गुणकारी ठरले. उपचाराच्या नावावाचून केलेले गाणे सरस ठरावे, हे विचार करण्याजोगे आहे.

एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. सभागृहातील श्रोता कंटाळला तर उठून जातो. चाकांच्या खुर्चीत आणून बसविलेल्या वृद्धेला ती सोय नसते. गाण्याने कोणाला दिवंगत जोडीदार आठवून रडू येते. काहींना ते रडणे हवेसे असते, काहींना चारचौघांत नको असते. ज्याला खोलीत परत जावयाचे आहे त्याला नेण्यासाठी एक कर्मचारी दाराशी मोकळा असणे हा कार्यक्रमाच्या आखणीचाच भाग मानला पाहिजे. १३ मार्च २०२० रोजी कोविडमुळे अमेरिकेतील नर्सिंग होम बाहेरच्यांना बंद झाली आणि सामूहिक कार्यक्रमही थांबले. तेव्हा अनेक ठिकाणी वादक वाहनतळावर आणि खिडक्यांबाहेर उभे राहून वाजवीत होते. त्या दिवसांत नको असेल तर खिडकी लावून घेणे तरी ऐकणाऱ्याच्या हाती होते.

कायद्यातील एक शब्द :

भारतात २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाचे कलम १९ या संदर्भात पाहण्यासारखे आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असे ते सुचविते. त्याच कलमात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना शासनाने ठरवावी असे म्हटले असून वैद्यकीय देखभालीच्या जोडीला मनोरंजनाच्या साधनांचाही स्पष्ट उल्लेख आहे. व्यवहारात या 'साधनां'चा अर्थ बहुधा दूरचित्रवाणी संच असा होतो; संच एकदा घेतला की तरतूद पूर्ण होते. पेटीवादकाला मात्र दर वेळी बोलवावे लागते आणि दर वेळी पैसे द्यावे लागतात. दुसरीकडे, महाराष्ट्र शासन ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना दरमहा मानधन देते. त्यांतील ज्यांचे हात आणि गळा अजून चालतो, ते तमाशातले ढोलकीवाले, नाटक कंपन्यांतले ऑर्गनवादक, शाहीर हे वृद्धाश्रमातल्या श्रोत्यांचेच समवयस्क आहेत, आणि त्यांना कोणती गाणी ठाऊक आहेत हे विचारण्याचीही गरज नाही. त्यांचा प्रवासखर्च आणि बिदागी वृद्धाश्रमाच्या अंदाजपत्रकात कोणत्या रकान्यात दाखवावयाची, एवढे प्रथम ठरले पाहिजे.