संगणकाचे गणित आणि रुग्णाच्या हिरड्या

प्रयोगशाळेतील संगणकावर काहीतरी लिहा, असा स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा मला प्रथम आठवला तो एक दूरध्वनी. २००८ सालची गोष्ट. येथे बडोद्यात दांडिया बाजाराच्या परिसरात असलेली माझी छोटी पॅथॉलॉजी प्रयोगशाळा तेव्हा चांगली बारा वर्षांची झाली होती. सकाळी अकराच्या सुमारास आपल्याच मंडळातील एक ज्येष्ठ फिजिशियन बोलत होते. "अहो डॉक्टर, तुमचा रिपोर्ट अगदी हवा तसा आहे. आयएनआर ३.०. पण बाईंच्या हिरड्यांतून तीन दिवस रक्त येतंय, दंडावर काळेनिळे डागही आहेत. एकदा परत बघता का?"

मी काहीशा तोऱ्यातच उत्तर दिले की नमुना पुन्हा लावतो, पण आकडेमोडीची शंका नको, ती संगणक करतो. हे वाक्य मला आजही टोचते.

वैद्यकीय व्यवसायाबाहेरील वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. या बाईंच्या हृदयात माइट्रल झडपेच्या जागी यांत्रिक झडप बसविलेली होती. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होऊन पक्षाघाताचे भय. जास्त झाली तर रक्तस्राव. या तारेवरच्या कसरतीत डॉक्टरांच्या हाती एकच आकडा असतो, तो म्हणजे आयएनआर. माइट्रल जागी यांत्रिक झडप असल्यास तो साधारणपणे २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात.

आता हा आकडा येतो कोठून? अमेरिकेतील आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रोथ्रोम्बिन टाइमची तपासणी मांडली. रुग्णाच्या प्लाझ्मात थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम मिसळायचे व गुठळी होण्यास किती सेकंद लागतात ते मोजायचे. रुग्णाचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सरासरी सेकंद, हे झाले गुणोत्तर. अडचण अशी की थ्रॉम्बोप्लास्टिन सर्वत्र सारखे नसते. तेच रक्त एका कंपनीच्या रीएजंटबरोबर अधिक सेकंद घेते, दुसरीच्या रीएजंटबरोबर कमी. यामुळे एके काळी अमेरिकेतील रुग्णांना ब्रिटनमधील रुग्णांपेक्षा गोळीची मात्रा जास्त दिली जात असे, कारण तेथील रीएजंट कमी संवेदनशील होते. हा घोळ निस्तरण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआरची पद्धत स्वीकारली. प्रत्येक रीएजंटला आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी ताडून एक संवेदनशीलता-निर्देशांक देतात. त्याला म्हणतात आयएसआय. (हेल्मेटवरच्या आयएसआय छापाशी याचा काहीही संबंध नाही. एका रुग्णाने मला तसे विचारलेही होते.) गुणोत्तराला या आयएसआयच्या घातांकावर चढवले की आयएनआर मिळतो.

घातांक म्हटले की पुष्कळांना शाळेतील गणिताचा तास आठवतो आणि डोळे मिटतात, म्हणून उदाहरणच देतो. रुग्णाचे ३६ सेकंद, निरोगी सरासरी १२ सेकंद, गुणोत्तर ३. आयएसआय १.० असेल तर आयएनआरही ३. परंतु आयएसआय १.३ असेल तर ३ चा १.३ वा घात होतो ४.२. रक्त तेच, सेकंद तेच. पण ३ हा समाधानाचा आकडा आहे आणि ४.२ हा रक्तस्रावाच्या दिशेने गेलेला.

नेमके हेच झाले होते, आणि ते करणारा मीच होतो. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने एक्सेलमध्ये तक्ता तयार केला होता. तंत्रज्ञाने सेकंद भरले की गुणोत्तर, आयएनआर, सर्व आपोआप. त्या वेळी वापरात असलेल्या रीएजंटचा आयएसआय १.० होता. कोणत्याही संख्येचा पहिला घात म्हणजे ती संख्याच. तेव्हा घातांकाची कटकट कशाला, असा विचार करून मी आयएनआरच्या रकान्यात केवळ गुणोत्तराचे सूत्र लिहिले होते. पुढे रीएजंट बदलले. नव्या खोक्यावर आयएसआय १.३ होता. तंत्रज्ञाने तो तक्त्याच्या माथ्यावर दक्षतेने भरला, रिपोर्टवर छापूनही आला. मात्र सूत्राचा त्या आकड्याशी काही संबंधच नव्हता. रिपोर्टवर गुणोत्तर ३.०, आयएसआय १.३ आणि आयएनआर ३.० असे तीन आकडे शेजारी शेजारी छापलेले होते. हे तिन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, हे त्यावर सही करताना मला दिसले नाही.

दैनंदिन तपासण्यांतून ही चूक का सापडली नाही? एक म्हणजे, कंट्रोलचे नमुने आम्ही सेकंदांत पडताळत असू आणि सेकंद अचूकच येत होते. दुसरे असे की १ चा कोणताही घात १ च असतो. निरोगी माणसाचे गुणोत्तर एकच्या आसपास असल्याने शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचे रिपोर्ट बिनचूक दिसत होते. गुणोत्तर वाढेल तशी चूक वाढत होती: २ च्या जागी हवे २.५, ३ च्या जागी ४.२, ४ च्या जागी ६.१. म्हणजे जो रुग्ण सर्वाधिक धोक्यात, त्याचाच रिपोर्ट सर्वाधिक खोटा.

नवे खोके उघडल्यास नऊ दिवस झाले होते. त्या काळात गोळी घेणाऱ्या १९ रुग्णांचे रिपोर्ट गेले होते. त्या दुपारी मी कॅल्क्युलेटर घेऊन सर्व हाताने पुन्हा काढले आणि प्रत्येकाच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. काय सांगावे, हे पहिल्या फोनला जड गेले. डभोईकडच्या एका शेतकऱ्याचा दूरध्वनी क्रमांक नव्हता. आमचा तंत्रज्ञ बसने त्याच्या गावी गेला. 'लॅबने माणूस घरी पाठवला म्हणजे आपले काही खरे नाही' असे वाटून तो गृहस्थ मटकन खाली बसला, असे तंत्रज्ञाने परतल्यावर सांगितले. सुदैवाने कोणाला गंभीर इजा झाली नाही. बाईंची गोळी दोन दिवस थांबविली आणि हिरड्या सुधारल्या. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात २००१ मध्ये रीएजंट बदलल्यावर चुकीच्या आयएसआयने कित्येक आठवडे आयएनआर काढले गेले आणि काही रुग्णांच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला गेला, हे मी नंतर वाचले. वाचून त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून संगणक माझ्या नकळत काय करतो, हे पाहण्याची मला सवय जडली. एक्सेलमध्ये नमुना क्रमांक ३-१२ असा भरला तर तो मुकाट्याने तारीख होऊन बसतो. याच खोडीपायी सेप्ट-१, मार्च-१ अशा जनुकांची नावे संशोधकांच्या तक्त्यांत तारखा बनत; अखेर २०२० मध्ये जनुकांची नावेच बदलावी लागली! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. एलडीएल कोलेस्टेरॉलचे फ्रीडेवाल्ड सूत्र घ्या: एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास ते लागू पडत नाही. संगणकाला याचे सोयरसुतक नाही. एकूण २२०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ९०० दिले की तो एलडीएल ५ असे छापून मोकळा होतो, आणि रुग्ण पेढे वाटायला निघतो.

आता आमच्याकडे प्रत्येक नवा लॉट उघडताना ठरलेला खोटा रुग्ण तक्त्यात भरतात: गुणोत्तर ३ येईल असे सेकंद. उत्तर भिंतीवरच्या छापील कोष्टकाशी जुळल्यावरच खऱ्या रुग्णांचे काम सुरू होते. सरासरीही खोक्यातील कागदावरून न घेता किमान २० निरोगी व्यक्तींची आम्ही स्वतः काढतो, तीही भूमितीय सरासरी. सूत्रांचे रकाने कुलूपबंद आहेत; पुढे व्यावसायिक सॉफ्टवेअर घेतले, तेव्हा त्याचीही परीक्षा याच खोट्या रुग्णाने घेतली.

आपल्या मंडळातील डॉक्टरांना एवढेच सुचवितो की आयएनआरचा रिपोर्ट हाती आला की शेजारचे गुणोत्तर आणि आयएसआयही पाहावेत. आयएसआय एकाहून स्पष्टपणे वेगळा असून उंचावलेले गुणोत्तर व आयएनआर तंतोतंत सारखे असतील, तर फोन उचलावा. त्या बाई नंतर कित्येक वर्षे माझ्याकडे येत राहिल्या. पाकीट हाती पडले की चष्मा लावून त्या आधी विचारीत, "डॉक्टर, आज दोन आकडे वेगवेगळे आहेत ना?"