संगणकाच्या पडद्यावरचं शेत



संगणक आपल्याला नवा नाही. वारणा परिसरातल्या 70 गावांसाठी 1998 साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. उसाचं वजन, बिलाची माहिती गावातल्या गावात संगणकावर मिळावी, हा त्याचा हेतू. आता आपली मुलं संगणकाला काम सांगायला शिकतात, म्हणजे प्रोग्रॅम लिहितात. पण बरीच मुलं इथंच अडखळतात. परीक्षेपुरता प्रोग्रॅम पाठ करतात आणि एक आकडा बदलला की हात टेकतात. मग पालक भरमसाट फी भरून क्लास लावतात. त्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी.

पोराला ट्रॅक्टर शिकवायचा तर आपण त्याला मोकळ्या माळावर नेतो, उभ्या उसात घालत नाही. प्रोग्रॅम शिकणाऱ्यालाही असा माळ लागतो. तो पडद्यावर तयार करता येतो. त्याला आभासी जग म्हणतात.

याची सुरुवात जुनी आहे. अमेरिकेत 1967 साली सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आलं. आधी जमिनीवर चालणारं यंत्र, नंतर पडद्यावरचं. 'पुढे 100, उजवीकडे 90' असं चारदा सांगितलं की कासव चौकोन काढतं. खरी गंमत त्रिकोणात आहे. सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचा आतला कोन 60 अंशांचा, म्हणून मूल 'उजवीकडे 60' सांगतं. कासव तीन रेघा मारतं, पण त्रिकोण काही मिटत नाही. मग पोर उठून अंगणात स्वतः चालून बघतं. एक फेरी पूर्ण करताना आपण एकूण 360 अंश वळतो, तीन वळणांत वाटले तर प्रत्येकी 120. हे त्याला गुरुजींनी सांगावं लागत नाही. चूक डोळ्यांसमोर दिसते आणि तिला खर्च काही नाही.

आपल्या कामाचं उदाहरण मुंबईच्या आयआयटीचं. तिथल्या 'ई-यंत्र' उपक्रमात विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा होते. 2021-22 च्या स्पर्धेत शेतीचे विषय होते. त्यातल्या 'ॲग्रीबॉट'मध्ये पडद्यावरच्या हरितगृहात रोबोट फिरवायचा, पिकलेला टोमॅटो ओळखायचा आणि तोडायचा. हात चुकीचा वळला तर रोप मोडतं ते पडद्यावर. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. खऱ्या हरितगृहात अशी शंभर वेळा चूक कोण करू देईल?

अर्थात पडद्यावर चिखल नसतो, चाक घसरत नाही, आणि ऊन-सावलीही ठरवून दिलेली असते. तिथं जमलं म्हणजे बांधावर जमलंच, असं कुणी समजू नये. मोबाइलवर गेम खेळणं आणि हे, या दोन गोष्टीही निराळ्या. गेममध्ये दुसऱ्यानं ठरवलेलं आपण करतो. इथं मूल ठरवतं.

क्लासचे पैसे भरण्याआधी 'स्क्रॅच' बघावं. अमेरिकेतल्या एमआयटीनं 2007 साली ते सर्वांसाठी खुलं केलं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत; ठोकळे जोडायचे आणि पडद्यावरचं मांजर हलवायचं. मोबाइलवर मात्र जमणार नाही, संगणक लागतो. म्हणून पालक सभेला गेलात की शाळेची संगणक खोली आठवड्याला किती तास उघडी असते, हे जरूर विचारा.

आणि पोराला घरचंच गणित घाला. 100 फूट रुंद पट्टीत साडेचार फुटी सरी किती पडतात, त्या मांजराकडून काढून दाखव म्हणावं. 22 सऱ्या पडतील. उरलेल्या एका फुटाचं काय करायचं, हे त्यानं मांजराला सांगितलंय का, तेवढं बघा.